साखराबाईचा पहिला लाख

१

कव्हर कपाटात होतं, कव्हरवर साखराबाईचं नाव होतं, आणि आत जे असायला हवं तेच नेमकं नव्हतं.

पंचशीला सोनकांबळेनं कव्हर उलटं धरून झटकलं. टेबलावर सोनोग्राफीची फिल्म पडली, रक्ततपासणीचे चार कागद पडले, बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स पडली. नोव्हेंबरातल्या ऑपरेशनची बिलं, पैसे भरल्याच्या पावत्या आणि डिस्चार्ज कार्ड मात्र गायब. तिनं शेजारची बावीस कव्हरं काढून पान न्‌ पान उलटलं. कपाटामागं हात घालून पाहिला. हाताला जाळं लागलं, कागद लागला नाही.

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. लोहा तालुक्यातल्या बोरगव्हाणला रेल्वे नव्हती, त्यामुळं तिथं टँकर यायचा, आणि तोही त्याच्या मर्जीनं. गावात धड चालू अशी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे महिला दूध संस्था. पंचशीला तिथली हिशेबनीस. त्याआधी पाच वर्षं ती नांदेडात विम्याच्या दाव्यांचे कागद तपासायची. खोटी पावती ती नुसती हातात धरून ओळखते, असं तिच्याबद्दल बोललं जायचं. हे बोलणं तिला आवडायचं, पण ती तसं कुणाला कळू द्यायची नाही. अशा बाईच्या कपाटातून कागद जावेत म्हणजे भर चौकात नाक कापल्यासारखंच झालं.

"चावी तर तुमच्याकडंच ऱ्हाती ना ताई?" संस्थेचा सचिव निवृत्ती दारातूनच म्हणाला. सभासद बायकांचा घरच्यांसकट एकत्र विमा उतरवायची कल्पना पंचशीलाची होती, आणि ती निवृत्तीला पहिल्या दिवसापासून खुपत होती.

"एक माझ्याकडं, एक तुमच्याकडं," ती म्हणाली.

निवृत्तीनं चष्मा काढून पुसला. "जाऊ द्या की. जुनीच बिलं ती. कंपनीनं त्याचा एक रुपाया दिला न्हवता. रद्दी म्हणा अन्‌ सोडा."

"ती रद्दी ब्याण्णव हजारांची आहे," पंचशीला म्हणाली. "आणि ती रविवारच्या आत सापडली नाही, तर साखरामावशीच्या दोन्ही म्हशी जातील."

२

साखराबाई अंगणातल्या लिंबाखाली बाजेवर पडून होती. साठीची, सडपातळ, आणि एका जागी पडून राहणं हा अपमान आहे असं समजणारी. पाच एप्रिलला टँकरच्या झुंबडीत तिचा पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. नांदेडात रॉड घातला. बिल झालं एक लाख पस्तीस हजार. ते तिच्या भावानं भरलं, लेकीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशातून. लग्न मेच्या अखेरीला होतं आणि तोवर पैसे परत करायलाच हवे होते.

बाजेपासून चार हातांवर दोन म्हशी रवंथ करत होत्या. त्या उन्हाळ्यात साखराबाईनं स्वतः आठवड्यातून दोनदा आंघोळ केली होती, पण म्हशींच्या पाठीवर रोज ओला बोळा फिरवला होता. नवरा गेल्यावर तिनं त्यांच्या दुधावर घर चालवलं, आणि नोव्हेंबरात पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं तेव्हाचे ब्याण्णव हजारही त्याच दुधाच्या शिलकीतून भरले. कुणापुढं हात पसरला नाही.

"भुजंग दोघींचे साठ हजार म्हणायलाय," ती म्हणाली. "चांगल्या सालात दीड लाखाला कुणी हात लावू दिला नसता. रविवारी यायलाय दावं घेऊन."

"त्याला नाही म्हणा मावशी."

"अन्‌ भावाला काय सांगू? तूच सांग माय. पहिला लाख आपला, पुढचं कंपनीचं, असं तो इमेवाला म्हणला होता. नोव्हेंबरात माझेच गेले. आता परत लाख माझाच. मग ह्या इम्यानं मला दिलं काय?"

पंचशीला बाजेच्या कडेला बसली. "लाख दर दुखण्याला नाही मावशी. वर्षाला एकच. आपलं विम्याचं वर्ष जून ते मे. नोव्हेंबरात तुमचे ब्याण्णव हजार गेले, आता एक लाख पस्तीस. दोन्ही मिळून दोन लाख सत्तावीस. त्यातला एक लाख तुमचा. उरले एक लाख सत्तावीस हजार, ते कंपनीनं द्यायचे. म्हणजे ह्या पायासाठी तुमच्या पदरचे फक्त आठ हजार जातात."

साखराबाई उठून बसायला लागली, तिला दोघांनी धरून परत निजवलं. दुसरा धरणारा तिचा मुलगा रामकिशन होता. हिमायतनगरला जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. आईसाठी रजा काढून आला होता.

"म्हणजे आधीची बिलं बी धरतेत?" त्यानं विचारलं.

"धरतात काय, तीच तर पाहिजेत. ती नसली तर कंपनी म्हणणार, हा तुमचा वर्षातला पहिलाच खर्च. आख्खा लाख कापणार आणि हातावर पस्तीस हजार ठेवणार."

रामकिशन आईच्या पायाखाली उशी सारत होता. ती त्यानं तीनदा सारली.

"रजा कधीपर्यंत आहे मास्तर?" पंचशीलानं विचारलं.

"सोमवारी जावंच लागतंय. हापिसात लई गडबड हाय ताई. एक मेपासून किनवट नवा जिल्हा होणार म्हणतेत, अन्‌ हिमायतनगर तिकडं जाणार. खरं-खोटं देव जाणे, पण जो तो आपापलं थकलेलं बिल आधी काढून घ्यायला पळायलाय. एकदा का फायली नव्या जिल्ह्यात गेल्या की दहा वर्षं सापडत न्हाईत."

साखराबाईला जिल्ह्याशी देणंघेणं नव्हतं. तिनं पंचशीलाचं मनगट धरलं. "रविवारी भुजंग येईल. तवर कागद घावले तर ठीक. न्हाई तर मी शब्द दिलाय माय, अन्‌ मी शब्द फिरवीत नसते."

हातात चार दिवस होते.

३

कागद कधी गेले हे शोधायला वेळ लागला नाही. बारा तारखेला पंचशीलानं स्वतः ते कव्हर उघडून बिलं मोजली होती. चौदा एप्रिलला ती जयंतीच्या मिरवणुकीसाठी नांदेडला गेली. तेवढा एकच दिवस कपाट तिच्या नजरेआड उघडलं होतं.

"उघडलं मीच," निवृत्तीनं कबूल केलं. "इमेवाला शरणप्पा पुढच्या सालाचे फार्म मागायला आला होता. भुजंगबी बसला होता. रामकिशन मास्तर आईच्या पायाचे कागद द्यायला आला. तेवढ्यात टँकर आला की वो."

"मग?"

"मग काय? टँकर आल्यावर मानूस कपाटाला कुलूप लावीत बसतंय का? समदेच पळाले."

हे मात्र खरं होतं. बोरगव्हाणात त्या महिन्यात टँकरचा भोंगा वाजला की पंगतीतला माणूसही उष्ट्या हातानं उठायचा. अर्धा तास संस्थेचं दार उघडं, कपाट उघडं, आणि आत कोण होतं हे सांगायला कुणी नव्हतं. पण बाकीचं गाव घागरी घेऊन टँकरला लोंबकळत होतं. कपाट उघडं आहे हे माहीत असलेले चारच जण होते.

पंचशीलानं सुरुवात भुजंगपासून केली, कारण त्याचाच फायदा उघड दिसत होता. विमा बुडाला तर दीड लाखाच्या म्हशी साठ हजारांत त्याच्या गोठ्यात जाणार होत्या. भुजंग जनावरांचा व्यापारी, लातूर-उदगीरकडं माल नेणारा. रुमालाखाली समोरच्याची बोटं धरून भाव ठरवायचा आणि तोंडानं मात्र पावसापाण्याच्या गप्पा मारायचा.

"मी कागदं नेऊन काय करू ताई? चुलीत घालू?"

"तसंही करता येतं."

"भाव पाडून घेतो मी, ते खोटं न्हाई. धंदाच हाय. पण चोरी?" तो खरोखरच दुखावला होता.

पंचशीलानं दोन कागद पुढं केले. "यातलं दवाखान्याचं बिल कोणतं ते दाखवा, म्हणजे तेवढं मी वेगळं ठेवते."

भुजंगनं दोन्ही कागद घेतले. एक उलटा धरला. बराच वेळ दोन्हींकडं पाहून त्यानं पशुखाद्याची पावती तिच्या हातात दिली. पंचशीलानं मनातल्या मनात त्याच्या नावावर काट मारली. ज्यानं कव्हर हाताळलं होतं, त्यानं पंधरा-वीस कागदांतून नेमके हवे ते उचलून बाकीचे नीट परत ठेवले होते. भुजंगनं नेलं असतं तर आख्खं कव्हर नेलं असतं.

दुसऱ्या दिवशी उदगीरहून मोटारसायकलवर शरणप्पा आला. गोरा, घामेजलेला, बोलताना सारखा हात जोडणारा. त्याचंही कारण लहान नव्हतं. संस्थेतून मोठा दावा गेला की पुढच्या वर्षी हप्ता वाढणार, हप्ता वाढला की निवृत्ती विमा बंद करणार, आणि शरणप्पाचं गिऱ्हाईक तुटणार.

"अक्का, मी असं करीन का?"

"तुम्ही सभासदांना काय सांगितलं होतं?"

"पहिला लाख तुमचा, पुढचं आमचं."

"'वर्षाचा' पहिला लाख. तो शब्द कुठं ठेवलात? उदगीरला?"

शरणप्पानं हात जोडले. "जास्त सांगितलं की बायका उठून जातात अक्का. सोपं करून सांगितलं."

पंचशीलाचा पारा चढला. एक शब्द वाचवून या माणसानं साठ घरांना अर्धवट शहाणं केलं होतं. "दवाखान्यातून बिलांच्या दुसऱ्या प्रती आणल्या तर?"

"चालत नाही. कंपनीला मूळच बिल लागतं."

"हे छापलंय कुठं?"

शरणप्पानं पुन्हा हात जोडले. त्यानं ते कधी वाचलेलं नव्हतं. पंचशीलानं त्याच्याकडून पॉलिसीचं पूर्ण पुस्तक मागून घेतलं. बेचाळीस पानं, बारीक टाइप, आणि घडी कुणी कधी मोडलेली नाही. ते पिशवीत टाकून ती निघाली, तेवढ्यात निवृत्ती मागून म्हणाला, "सोमवारी कमिटी हाय ताई. कागद न्हाई घावले तर तुमचं बी काय करायचं ते ठरंल."

४

शुक्रवारी पंचशीलानं साखराबाईचं कव्हर पुन्हा पुढ्यात घेतलं. तिची एक सवय होती आणि त्यावरून निवृत्ती तिला हसायचा. प्रत्येक कव्हरच्या आतल्या अंगाला ती पेन्सिलीनं आतल्या कागदांची यादी लिहायची. गडबडीत ही यादी पाहायचं ती स्वतःच विसरली होती. आता एकेक ओळ बोटानं चालत ती खाली आली.

बिलं सात, नाहीत. पावत्या तीन, नाहीत. डिस्चार्ज कार्ड, नाही. फिल्म आहे, रिपोर्ट आहेत, पासबुक आहे. शेवटची ओळ होती रेशन कार्डाची झेरॉक्स.

तीही नव्हती.

पंचशीला खुर्चीत मागं टेकली. साखराबाईचं नुकसान करायचं असेल तर बिलं फाडायची. तिचं, पंचशीलाचं, नाव घालवायचं असेल तर कव्हरच गायब करायचं. पण रेशन कार्डाची झेरॉक्स कुणाच्या काय कामाची? त्या कागदावर एकच गोष्ट असते, घरात कोण कोण आहे आणि कोण कुणाचं कोण लागतं.

तिनं नांदेडच्या डॉक्टर लेनमधल्या त्या दवाखान्यात फोन लावला. बिलांच्या काउंटरवरची रत्नम्मा तिच्या जुन्या ओळखीची होती.

"साखराबाई? नोव्हेंबरचं ऑपरेशन?" रत्नम्मा म्हणाली. "पंचशीला, काय चाललंय तुमच्याकडं? मागच्या शनिवारीच तर एकजण सगळी बिलं घेऊन आला होता. प्रत्येक बिलावर डॉक्टरांची सही आणि शिक्का घेतला. एक छापील सर्टिफिकेटही भरून नेलं."

"कोण होता?"

"मी रजेवर होते. रजिस्टरला नाव नाही, फक्त नोंद आहे. सह्या सात, सर्टिफिकेट एक."

पंचशीलानं फोन ठेवला. बिलं जिवंत होती. कुणी ती जाळली नव्हती, फाडली नव्हती. उलट शिक्के मारून त्यांची किंमत वाढवली होती. आनंदानं टेबलावर थाप मारावी असं तिला वाटलं, आणि आजूबाजूला कुणी नसल्यामुळं तिनं ती मारलीही.

मग तिनं ते बेचाळीस पानांचं पुस्तक उघडलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. दुपार टळली, दुधाचे कॅन यायला लागले, तरी ती वाचत होती. एकतिसाव्या पानावर ती थांबली. ते कलम तिनं दोनदा वाचलं, मग मोठ्यानं वाचलं.

चोर कोण हे आता तिला कळलं होतं. नवल म्हणजे, चोरानं जे नुकसान केलं असं त्याला स्वतःला वाटत होतं, ते झालंच नव्हतं.

५

रविवारी सकाळी लिंबाखाली माणसं जमली. पंचशीलानंच बोलावलं होतं. साखराबाई बाजेवर उशाला टेकून बसली होती, रामकिशन पायथ्याशी उभा. निवृत्ती घड्याळ पाहत होता. शरणप्पाचे हात जोडलेलेच होते. भुजंग दोन नवी दावी खांद्यावर टाकून आला आणि म्हशींच्या जवळ उकिडवा बसला.

"कागद चोरणाऱ्याला कागदांची किंमत माहीत होती," पंचशीलानं सुरुवात केली. "म्हणून भुजंगभाऊ सुटले. त्यांना म्हशीचं वय दातांवरून कळतं, बिल कळत नाही."

भुजंग हसला.

"निवृत्तीभाऊंना माझी फजिती हवी असती तर त्यांनी कव्हरच नेलं असतं. मग मी कव्हर केलंच नाही असं म्हणायला ते मोकळे होते. शरणप्पांना दावा बुडवायचा असता तर बिलं फाडून टाकली असती. पण ज्यानं बिलं नेली, त्यानं त्यावर डॉक्टरांच्या सह्या घेतल्या. आणि सोबत रेशन कार्डाची झेरॉक्स नेली. अशी बिलं, असं सर्टिफिकेट आणि 'ही माझ्यावर अवलंबून आहे' असा पुरावा, हे तिन्ही एकाच ठिकाणी लागतं. सरकारी नोकराला घरच्यांच्या औषधपाण्याचा खर्च सरकारकडून परत मागायचा असतो, तिथं. आणि या गोष्टीची घाई कुणाला? नवा जिल्हा होऊन फायली हलायच्या आत ज्याला बिल..."

"थांब माय," साखराबाई म्हणाली. "नाव तू घेऊ नको." ती पायथ्याकडं वळली. "रामकिशन, तूच बोल."

मास्तर, चाळिशीला आलेला माणूस, शाळेतल्या पोरासारखा खाली मान घालून बोलायला लागला.

"मला वाटलं ती बिलं वाया गेलेली हायती. पहिला लाख कंपनी देतच न्हाई, अन्‌ दर दुखण्याला लाख येगळा, असंच मी समजून चाललो होतो. मग पडून ऱ्हाण्यापरीस हापिसातून तरी काही सुटंल म्हणून नेली. सोमवारी अर्ज टाकला. अन्‌ बुधवारी ताई सांगायल्या की तीच बिलं पाहिजेत."

"मग त्याच टायमाला का न्हाई बोललास?"

"भ्यालो. एकाच बिलावर हापिसाकडं बी मागायचं अन्‌ कंपनीकडं बी मागायचं, म्हणजे फसवणूक. नोकरी गेली असती आई."

"फसवणूक कुठं आहे त्यात?" पंचशीलानं विचारलं.

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं.

"मास्तर, नीट ऐका. समजा दारात एक रांजण आहे. कंपनी म्हणते, वर्षातून एकदा हा रांजण तुम्ही भरा, मग काठावरून जेवढं सांडेल तेवढं मी देते. रांजण भरताना पाणी विहिरीचं होतं का टँकरचं, हे कंपनी विचारत नाही. रांजण भरला का, एवढंच विचारते. तुमच्या ऑफिसानं जे द्यायचं ते रांजणातलं. कंपनीनं द्यायचं ते वरून सांडलेलं. एकच रुपया दोघांकडून कुठं घेतला तुम्ही?"

रामकिशननं बोटांवर हिशेब करून पाहिला.

"आणि हे एकतिसावं पान." तिनं पुस्तक शरणप्पाच्या हातात दिलं. "वाचा. मोठ्यानं."

शरणप्पा अडखळत वाचू लागला. मूळ बिलं दुसऱ्या विम्याकडं किंवा नोकरीच्या कार्यालयात जमा असतील, तर त्या कार्यालयानं शिक्का मारून दिलेल्या प्रती आणि मूळ कागद आपल्याकडं असल्याचं पत्र, कंपनी ग्राह्य धरेल. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "अक्का, हे मला माहीत नव्हतं."

"आता झालं. साठ घरांत जाऊन सांगायचं."

"म्हणजे पैसे मिळणार?" निवृत्तीनं विचारलं.

"एक लाख सत्तावीस हजार. एक रुपया कमी नाही."

साखराबाई मुलाकडं पाहत होती, आणि पंचशीलाला कळलं की हिशेब अजून संपलेला नाही. "अर्जावर," साखराबाई सावकाश म्हणाली, "खर्च कुणी केला म्हणून लिव्हलंस?"

रामकिशननं पायाखालची उशी पुन्हा सारली.

"ते दुधाचे पैसे होते रे. मपल्या दुधाचे. तू दवाखान्यात दोन दिस आलास, डबा आणलास, ते मी इसरले न्हाई. पण पैसा मपला होता." "नेली त्याचं दुख न्हाई. मला इचारलं असतंस तर मीच काढून दिली असती."

रामकिशननं बाजेच्या कडेवर डोकं टेकलं. शेवटी साखराबाईनं त्याच्या केसांतून हात फिरवला, पण बोलली ते सरळ कामाचंच. "उद्या हापिसात जा. आईनं खर्च केला म्हणून अर्ज बदलून दे. नियमात बसलं तर जे येईल ते मपल्या खात्यात. न्हाई बसलं तर न्हाई. खोटं लिहून आलेला पैसा मपल्या घरात नको."

"हाव," रामकिशन म्हणाला.

भुजंग तोवर उठून बाजेजवळ आला होता. सवयीनं त्यानं खांद्यावरचा रुमाल हातावर पसरला आणि पुढं केला. "मग मावशी? सत्तर करतो. शब्द दिला होता तुम्ही."

"शब्द असा होता, कागद न्हाई घावले तर." साखराबाईनं रुमालाकडं पाहिलंसुद्धा नाही. "कागद घावले. उचल तुपली दावी."

६

सोमवारी पंचशीला स्वतः मास्तरांबरोबर हिमायतनगरला गेली. तिथल्या कारकुनानं आधी साहेब नाहीत म्हणून सांगितलं, मग शिक्का नाही म्हणून सांगितलं. पंचशीला त्याच्यासमोर बाकावर बसली आणि साहेब व शिक्का दोन्ही येईपर्यंत हलली नाही. दुपारी तीन वाजता सात प्रती आणि एक पत्र तिच्या पिशवीत पडलं. कमिटीची बैठक त्या दिवशी तिच्यावाचूनच झाली, आणि तीत तिच्याबद्दलचा विषय निघालाच नाही.

एक मे आला आणि गेला. नवा जिल्हा काही झाला नाही. मेच्या बावीस तारखेला मात्र साखराबाईच्या खात्यात एक लाख सत्तावीस हजार जमा झाले. भावाची रक्कम वरचे आठ हजार घालून लग्नाच्या चार दिवस आधी पोचली.

रामकिशनला सुट्टी लागली होती. आईनं त्याला सुखानं बसू दिलं नाही. "मास्तर हायस ना? मग शिकीव," म्हणून तिनं त्याला आठवडाभर रोज सकाळी संस्थेच्या दारात उभं केलं. दूध घालायला येणाऱ्या बायकांना तो खडूनं भिंतीवर आकडे मांडून सांगायचा. लाख वर्षाचा, दुखण्याचा नाही. घरातल्या कुणाचाही खर्च त्यात धरायचा. लहानातलं लहान बिल जपून ठेवायचं, आज त्यावर रुपया मिळो ना मिळो. पहिल्या दिवशी तो लाजत बोलला. तिसऱ्या दिवशी धुरपताबाई म्हणाली, "मग माझ्या मालकाच्या डोळ्याचे अठरा हजार बी धरायचे?" तेव्हा तो इतका खूश झाला की त्यानं तिचा हिशेब अर्ध्या भिंतीभर मांडला. त्या आठवड्यात पंचशीलाच्या कपाटात सदतीस नवी कव्हरं आली, आणि निवृत्तीनं स्वतः होऊन दुसरं कपाट मागवलं.

जूनच्या पहिल्या सोमवारी सकाळी रांगेत एकदम कुजबुज झाली. साखराबाई वॉकर टेकवत येत होती. मागं रामकिशन, दोन्ही हातांत भरलेल्या बरण्या. बायकांनी बाजूला होऊन वाट दिली, पण ती म्हणाली, "मपला नंबर येऊ द्या," आणि सगळ्यांच्या मागं उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा निवृत्तीनं दुधाचा नमुना मशीनला लावला.

"किती?" तिनं विचारलं.

निवृत्तीनं आकडा पाहिला, चष्मा पुसून परत पाहिला. गेल्या तीन महिन्यांत एवढी फॅट गावात कुणाच्याच दुधाला लागली नव्हती.

"सात पॉइंट आठ."

"मोठ्यानं सांगा," साखराबाई म्हणाली. "भुजंग तिकडं हाटेलात बसलाय, त्याला ऐकू जाऊ द्या."